चिरा एक, चिरा दोन

“चिरा दोन, वरून एस.टी. उतरतेय. वळणाच्या अलीकडेच थांब.”

मी गाडी डोंगराच्या कडेला दाबून उभी केली. एस.टी. हॉर्न मारत समोरून आली, माझ्या ट्रकच्या फळीला जवळजवळ घासून खाली गेली. मी डॅशबोर्डवरचा माइक काढला, बटण दाबलं आणि सांगितलं, “गेली. येतो.”

“ये.”

आंबा घाट चढताना माझा सख्खा भाऊ माझ्याशी एवढंच बोलायचा. घाटाबाहेर तेवढंही नाही. एका घरात आमच्या दोन चुली होत्या. त्याला काही सांगायचं असलं तर वहिनी माझ्या बायकोला सांगायची आणि बायको मला. मी अंगणात आलो की तो गोठ्याकडे जायचा. पण घाट लागला की वायरलेस सेटवर त्याचा आवाज यायचा, कारण घाटात अबोला परवडत नाही.

आमच्या दोन गाड्या होत्या. साखरप्याजवळच्या खाणीवरून जांभ्याचे चिरे भरायचे, कोल्हापूरला उतरवायचे आणि येताना साखर, गूळ, सिमेंट, मिळेल ते घेऊन रत्नागिरीला जायचं. वडील मी शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून मला आणि धाकट्या शेवंतीला दत्ताराम भाऊनेच वाढवलं. गाडी शिकवली तीही त्यानेच. क्लच सोडताना पाय थरथरला की तो मांडीवर हात ठेवायचा. मारायचा नाही, नुसता ठेवायचा. तेवढ्याने पाय शांत व्हायचा.

सेट आले ते सुभेदार खानविलकरांमुळे. ते फौजेत सिग्नलमध्ये होते. निवृत्त होऊन साखरप्याला आले आणि त्यांनी काजूचा लहानसा कारखाना टाकला, पण जीव सगळा रेडिओत. त्यांच्या जीपमध्ये एक सेट होता आणि पलीकडून बोलायला कोणी नव्हतं. आमच्या गाड्या घाटात एकमेकींची वाट बघत थांबतात हे त्यांनी पाहिलं आणि भाऊच्या मागेच लागले. कागदपत्रं त्यांनीच केली. दिल्लीहून लायसन यायला इतका काळ गेला की मधे पोलीस दोनदा घरी चौकशीला येऊन गेले, आणि गावात उठलं की आम्हा जोगळ्यांनी काहीतरी भानगड केली.

सेट केवढा, तर जेवणाच्या डब्याएवढा. पिळाच्या वायरीला लोंबणारा माइक, आणि केबिनच्या डोक्यावर एरियलची लवलवती काठी. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कोणालाच काही ऐकू येत नाही, हे सुभेदारांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की माझी बायकोसुद्धा ते म्हणून दाखवायची. नावं घेऊन बोलायचं नाही, असाही त्यांचा फौजी नियम होता. म्हणून भाऊ झाला चिरा एक, मी चिरा दोन आणि सुभेदार स्वतः काजू.

सुरुवातीचे ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. भाऊ घरी मोजकं बोलणारा माणूस, पण हातात माइक आला की खुलायचा. करवंदं कुठे पिकलीत, कुठल्या झाडावर शेकरू बसलंय, मलकापूरच्या हॉटेलात आज भजी कसली होती, सगळं सांगायचा. उन्हाळ्यात भरदुपारी कधीकधी हवेत काय व्हायचं कोण जाणे, सेटवर एकदम परक्या मुलखातली माणसं बोलायला लागायची. भाषा कळायची नाही. “हे बघ, ह्याचंही बायकोशी भांडण झालेलं दिसतंय,” असं भाऊ म्हणायचा आणि त्या परक्या माणसाचं भांडण मराठीत करून सांगायचा. मी हसून हसून गाडी हळू करायचो. आता माझ्या मुलाच्या खिशात फोन असतो, त्यात सगळं जग आहे म्हणतात. पण दोन गाड्यांच्या मधल्या त्या अर्ध्या मैलात जी मजा होती ती मला पुन्हा मिळाली नाही.

मग शेवंतीने लग्न केलं. बांबवड्याच्या मारुतीशी, आपल्या मनाने. मारुतीचं रस्त्यावरच सायकलींचं दुकान, मागे राहायची खोली. माणूस सरळ होता, पण जात आमची नव्हती. भाऊने आरडाओरडा केला नाही. तिची पत्र्याची ट्रंक माळ्यावर टाकली आणि घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं.

मी मात्र येता-जाता तिच्याकडे थांबत राहिलो. कधी कोकम न्यायचो, कधी फणस. तिला मुलगी झाली तेव्हा मी मलकापुरातून बाळलेणी घेऊन गेलो. कोणीतरी माझी गाडी तिच्या दारात पाहिली आणि भाऊच्या कानावर घातलं.

“बांबवड्यात गाडी कशाला उभी होती?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “शेवंतीला मुलगी झालीय.”

तो जेवत होता. हातातला घास त्याने ताटात ठेवला, हात धुतला आणि म्हणाला, “तिने तिची वाट धरली. तूही तुझी धर.” त्या दिवसापासून चुली वेगळ्या झाल्या आणि मी फक्त चिरा दोन उरलो. मधू म्हणून त्याने मला हाक मारली नाही.

गाड्या मात्र बरोबरच चालायच्या. चढताना तो पुढे आणि उतरताना मी पुढे, हा त्याने पहिल्या वर्षीच घालून दिलेला नियम होता. उतारावर मी त्याच्या डोळ्यांसमोर पाहिजे, असं तेव्हा म्हणाला होता. घाट चढून गेलो की आम्ही सुटे व्हायचो. मी मलकापूरला चहाला थांबायचो, तो न थांबता पुढे निघून जायचा. मग थेट कोल्हापुरात चिरे उतरवतानाच त्याचं तोंड दिसायचं. अशी दोन वर्षं गेली.

तो शिमग्याचा आठवडा होता. दोघांचेही क्लीनर गावच्या पालखीसाठी मागे राहिले होते. कोल्हापूरहून साखर भरून आम्ही परत निघालो आणि दुपार कलताना घाट उतरायला लागलो. मी पुढे होतो. ऊन डोळ्यांवर येत होतं. निम्मा घाट उतरून झाला असेल, तेव्हा सेट खरखरला.

“मधू.”

दोन वर्षांनी ती हाक ऐकून मला आधी आनंदच झाला. मग त्याचा आवाज लक्षात आला.

“मधू, पेडल खाली जातंय. ब्रेक धरत नाहीत.”

मी आरशात पाहिलं. त्याची गाडी वरच्या वळणातून नुकतीच बाहेर आली होती. मी विचारलं, गिअर कुठला आहे. तिसरा, म्हणाला. दुसऱ्यात टाकायला गेलो तर पडत नाही, न्यूट्रलला सुटली तर तिसराही जाईल. हँडब्रेक ओढून झालाय. हे सगळं तो खाणीवर चिरे मोजून द्यावेत तशा आवाजात सांगत होता.

मधेच सुभेदारांचा आवाज आला. ते जीप घेऊन घाटाच्या पायथ्याशी होते. “काजू बोलतोय. मी खालची वाहनं अडवतो. वर कोणी येणार नाही. तुम्ही दोघं बघा.”

“मधू,” भाऊ म्हणाला, “पुढच्या वळणाआधी मला बाजू दे. मी निघून जातो.”

पुढचं वळण हाताच्या कोपरासारखं होतं आणि त्याच्या पलीकडे दरी. भरल्या गाडीने, तिसऱ्या गिअरवर, ब्रेकशिवाय तिथून निघून जातो म्हणजे कुठे जातो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी म्हणालो, “भाऊ, मी पुढे आहे. तू माझ्यावर टेकव. मी धरतो.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दोन्ही जातील. तुझ्या घरी लहान लेकरू आहे. बाजूला हो.”

मी स्टिअरिंग सरळच धरलं.

“मधू, मी सांगतोय. बाजूला हो.”

आयुष्यभर त्याने सांगितलेलं मी ऐकत आलो होतो. अबोल्यातसुद्धा घाटात तो थांब म्हणाला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आता त्याने आणखी एकदा तेच सांगितलं असतं तर माझे हात आपोआप स्टिअरिंग वळवून मोकळे झाले असते, असं मला त्या क्षणी स्पष्ट वाटलं. मी हात पुढे केला आणि सेटचं बटण फिरवून तो बंद केला.

केबिनमध्ये एकदम माझ्याच इंजिनाचा आवाज उरला. आरशात त्याच्या गाडीची जाळी मोठी होत होती. मी ब्रेक सोडला आणि गाडीला थोडा वेग घेऊ दिला, म्हणजे धडक बसेल ती हलकी बसेल. काचेमागे भाऊ दिसत होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात माइक तोंडापाशी. ओठ हलत होते. शिव्या देत असणार, असं मला वाटलं.

मग तो टेकला. पाठीत कोणी लाथ घालावी तसा दणका बसला, मागची फळी मोडल्याचा आवाज आला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. दोन्ही गाड्यांचं ओझं माझ्या सहा चाकांवर आलं होतं. ब्रेक जळल्याचा वास केबिनमध्ये भरला, गाडी थांबेना, नुसती जडावत गेली. वळण समोर दिसायला लागलं तेव्हा मी डावं चाक डोंगराकडच्या गटारात घातलं. गाडी कलली, दगडांवर घासत किंचाळत गेली आणि उभी राहिली. मागे भाऊचीही राहिली.

मला दार उघडता येईना. हातच उघडत नव्हते. भाऊने बाहेरून उघडलं. त्याच्या कपाळावर खोक पडली होती, रक्त भुवईत उतरलं होतं.

“लागलं का?”

“नाही. तुला लागलंय.”

त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. दाराची कड धरून तो उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, “ऐकलंस ना सगळं?”

बाजूला हो म्हटलेलं ऐकलंस ना, असं तो विचारतोय हे मी धरून चाललो. सेट बंद केला होता हे सांगायचा मला धीर झाला नाही. मी म्हणालो, “ऐकलं.”

त्याने मान हलवली. तेवढ्यात सुभेदारांची जीप वर आली, मागून अडवलेल्या एस.टी.तली माणसं चालत आली, आणि बोलणं तिथेच राहिलं.

गाड्या दुरुस्त व्हायला महिना गेला. घरात दोन चुली तशाच होत्या, पण भाऊ बदलला होता आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. मी अंगणात आलो तरी आता तो गोठ्याकडे जायचा नाही. खाणीवर निघायच्या आधी माझ्या केबिनच्या दारापाशी येऊन उभा राहायचा, टायरवर पाय आपटून बघायचा आणि काही न बोलता परत जायचा. एकदा मलकापूरला मी चहाला थांबलो तेव्हा त्याचीही गाडी तिथे उभी होती. तो दुसऱ्या बाकावर बसला. माझ्याकडे बघायचा आणि मी बघितलं की कपात बघायचा. मी त्याचं ऐकलं नाही म्हणून त्याला राग आहे, आणि जीव वाचवला म्हणून तो काढताही येत नाही, असा मी अर्थ लावला. सेटवर तो मला मधू म्हणायचा, पण घाटापुरतंच बोलायचा.

पुढे एकदा सुभेदारांच्या काजूच्या गोणी कोल्हापूरला न्यायच्या होत्या म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. गोणी चढत होत्या, आम्ही सावलीला उभे होतो. त्यांनी सहज विचारलं, “मग, गेला का दत्ताराम बहिणीकडे?”

मी म्हणालो, “भाऊ कशाला जाईल?”

“अरे, म्हणजे तू अजून काहीच बोलला नाहीस त्याच्याशी?”

“कशाबद्दल?”

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. “त्या दिवशी घाटात तो बोलला त्याबद्दल. तू ऐकलंस ना?”

मग मी त्यांना सांगितलं की मी सेट बंद केला होता. ते ऐकून ते गोणीवर बसले. लाइनवर कानावर आलेलं दुसऱ्याला सांगायचं नसतं, पण हे तुझ्यासाठीच होतं, असं म्हणाले, आणि त्यांनी मला भाऊचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

तू बाजूला होत नाहीस असं दिसल्यावर दत्तारामने हट्ट सोडला, सुभेदार म्हणाले. मग बोलला. “मधू, मी नाही वाचलो तर शेवंतीला एक सांग. मी दर खेपेला तिच्या दुकानासमोर गाडी पार पहिल्या गिअरवर आणतो. ती पोरीला घेऊन दारात उभी असते. मला कित्येकदा उतरायचं होतं. पाय खाली उतरला नाही. तू जात राहिलास ते चांगलं केलंस.”

मीही एका गोणीवर टेकलो.

“त्यानंतर आठवड्याने तो इथे आला होता,” सुभेदार म्हणाले. “मला विचारत होता, मधू काही बोलला का तुमच्याजवळ. मी म्हटलं, नाही. तसाच उठून गेला.”

म्हणजे इतके दिवस तो माझ्या दारापाशी येऊन टायर तपासत नव्हता. त्याने आपलं सगळ्यात अवघड ते माझ्यापुढे ठेवलं होतं, मी ऐकलं असं तोंडाने म्हणालो होतो, आणि वर एक शब्द बोललो नव्हतो. त्याने काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही चिरे भरून निघालो. घाट चढलो. मलकापूर आलं तसा मी चहाला थांबलो नाही, त्याच्या मागेच राहिलो. त्याने सेटवर विचारलं, आज चहा नाही का. मी नाही म्हणालो. मग मलकापूर मागे पडलं. शेवटी मी बटण दाबलं.

“भाऊ, त्या दिवशी उतारावर मी सेट बंद केला होता. तू नंतर काय बोललास ते मी ऐकलं नव्हतं. ऐकलं म्हणालो ते खोटं होतं. काल सुभेदारांनी सांगितलं.”

मी बटण सोडलं. नुसती खरखर येत राहिली. त्याची गाडी एका चालीने पुढे चालली होती.

खूप वेळाने तो म्हणाला, “बंद का केलास?”

“तू बाजूला हो म्हणत होतास. आणखी एकदा म्हणाला असतास तर झालो असतो.”

पुन्हा खरखर. मला वाटलं, आता तो माइक जागेवर अडकवून टाकणार. पण तो बोलला. “मला वाटलं, तुला ते पटलं नाही. एवढं तिला तोडून आता कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल.”

“नाही रे भाऊ.”

“बरं,” तो म्हणाला.

बांबवडं जवळ आलं. दोन वर्षं मी चहासाठी मागे राहत आलो आणि परतताना मी पुढे असायचो, म्हणून हे कधी पाहिलं नव्हतं. गावात शिरल्यावर त्याची गाडी हळू झाली, मग आणखी हळू. रस्त्यावरची पोरं तिच्याबरोबर चालू शकली असती इतकी. मारुतीच्या दुकानासमोर ती जवळजवळ थबकली आणि तरीही पुढे सरकत राहिली. मी माइक हातात घेतला होता, पण बटण दाबलं नाही. दुकान मागे पडायला लागलं आणि मग त्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले.

भाऊ उतरला. मीही उतरलो, पण गाडीपाशीच राहिलो. दोन्ही इंजिनं चालू होती. तो दुकानापर्यंत गेला. मारुती चाकाचे आरे आवळत बसला होता. त्याने भाऊला ओळखलं आणि चाक हातात धरूनच उभा राहिला. भाऊने दुकानात टांगलेल्या ट्यूबा बघितल्या.

“सायकलची ट्यूब मिळेल का?” त्याने विचारलं.

मारुती म्हणाला, “मिळेल की. कुठल्या मापाची?”

“कुठलीही.”

आमच्या घरात सायकल नव्हती. मारुतीला ते माहीत होतं. तरी त्याने एक ट्यूब काढली, हवा भरली, बादलीत बुडवून चारी बाजूंनी नीट तपासली. भाऊ ते सगळं लक्ष देऊन बघत उभा होता. मागच्या खोलीचा पडदा हलला आणि शेवंती बाहेर आली. कडेवर मुलगी होती. ती भाऊच्या समोर येऊन थांबली. मुलीने हात पुढे करून भाऊच्या कपाळावरच्या खोकेच्या वणाला बोट लावलं.

“तिला सगळ्यांचं काय लागलं ते बघायचं असतं,” शेवंती म्हणाली. “भाऊ, भाकरी टाकतेच आहे. आत ये.”

भाऊने मुलीचं बोट हातात धरलं. मग तो वळला आणि मला म्हणाला, “गाड्यांची इंजिनं बंद कर. आपल्याला वेळ लागेल.”